दोघांची झुंज आणि तिसऱ्याची जमीन
(गांवच्या वाचनालयांत शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें दिलेलें व्याख्यान)



आज आम्ही आपणांस एका परमुलखांतील लढाईची हकीकत सांगण्यास उभे आहों. ही लढाई दक्षिण आफ्रिकेंत १८९९ ते १९०२ या सालांत झाली. एका बाजूस इंग्रजांची बादशाही फौज, दुसऱ्या बाजूस बोअर नांवाचे गोरे वसाहतवाले. आपण म्हणाल, मास्तर, आमच्या विहिरीनें तळ गांठला, सोसायटीचें देणें डोक्यावर आहे, त्यांत ही साता समुद्रांपलीकडची भानगड आम्हांस कशाला?

तर ऐका. डच भाषेंत बोअर म्हणजे शेतकरी. आपल्या बोलींत सांगायचें तर कुणबी. जगांतल्या सर्वांत मोठ्या बादशाहीशीं हे मूठभर कुणबी अडीच वर्षांहून अधिक लढले. त्यांतील हजारों कैदी इंग्रजांनीं हिंदुस्थानांत आणून ठेवले होते. आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यांत आणि साताऱ्यासही बोअर कैद्यांच्या छावण्या होत्या. तेव्हां ही गोष्ट अगदींच परकी नाहीं.

आमच्या एका शेतकरी बंधूनें ही हकीकत अर्धी ऐकून आम्हांस विचारलें, "गुरुजी, बोअर कुणबी आणि इंग्रज लुटारू, मग आपण बोअरांच्याच बाजूचे कीं नाहीं?" प्रश्न सरळ आहे, पण उत्तर तितकें सरळ नाहीं. तें उत्तर देण्यासाठींच आजचें व्याख्यान आहे.

जमीन मुळांत कोणाची?

१६५२ सालीं हॉलंडमधील व्यापारी कंपनीनें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास, केप येथें, एक ठाणें वसविलें. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांस भाजीपाला, मांस आणि पाणी पुरवावें एवढाच तिचा मूळ हेतु. त्या मुलखांत खोईखोई नांवाचे गुराखी लोक आपलीं गुरें राखून होते. कंपनीनें आपल्या नोकरांस जमिनी तोडून दिल्या. ते नोकर शेतकरी झाले, आणि खोईखोईंचीं कुरणें व पाणवठे एकामागून एक त्यांच्या ताब्यांत गेले. गोऱ्यांच्या शेतांवर राबण्यास गुलाम आणले गेले. ते मादागास्करांतून आणले, जावा-मलायाच्या बाजूनें आणले, आणि आपल्या बंगाल व मलबार किनाऱ्यावरूनही आणले. हें आम्ही मुद्दाम सांगतों. त्या बोअर कुणब्याच्या नांगरामागें जो माणूस चालत होता, तो कधीं कधीं आपल्याच देशांतून विकलेला होता.

पुढें १८०६ सालीं केप इंग्रजांच्या हातीं कायमचें गेलें. १८३४ सालीं इंग्रजांनीं आपल्या राज्यांत गुलामगिरी बंद केली. केपांतील पस्तीस हजारांवर गुलाम कायद्यानें सुटले, तरी त्यांस आणखी चार वर्षें धन्याकडेच उमेदवारी करावी लागली. धन्यांस भरपाई मिळाली, पण ती लंडनांत जाऊन घ्यावयाची. त्यामुळें कित्येक बोअरांनीं आपला हक्क दलालांस मातीमोल विकला. बोअर चिडले. त्यांतील कांहीं तक्रारी खऱ्या होत्या. परंतु काळा माणूस आणि आपण कायद्यापुढें सारखे, हें मुळींच सोसत नाहीं, ही त्यांतली मोठी तक्रार होती.

१८३६ च्या सुमारास हे लोक बैलगाड्या जुंपून, बायकामुलें, गुरें आणि काळे नोकर घेऊन उत्तरेकडे निघाले. कांहीं वर्षांत बारा-पंधरा हजार माणूस असें गेलें. वाटेंत झुलू, न्डेबेले वगैरे लोकांशीं लढाया झाल्या. अखेर ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट अशीं दोन बोअर राज्यें उभीं राहिलीं. इंग्रजांनीं १८५२ आणि १८५४ सालीं करार करून तीं मान्यही केलीं. ट्रान्सवालच्या १८५८ च्या घटनेंत, देवळांत किंवा राज्यकारभारांत काळ्या-गोऱ्यांची बरोबरी चालणार नाहीं, असें उघड लिहून ठेविलें होतें. आपल्या इकडे असलें लिखाण पोथींत असतें, तिकडे तें घटनेंत होतें, एवढाच फरक.

सोनें सांपडलें आणि न्याय आठवला

जोंवर त्या मुलखांत गवत आणि गुरें होतीं, तोंवर इंग्रजांस तो मुलूख फारसा नको होता. १८६७ सालीं हिरे सांपडले, आणि किंबर्लेची हिऱ्यांची खाण इंग्रजांनीं आपल्याकडे ओढून घेतली. १८७७ सालीं त्यांनीं ट्रान्सवालही खालसा केलें. बोअरांनीं बंड केलें आणि २७ फेब्रुवारी १८८१ रोजीं माजुबाच्या डोंगरावर इंग्रज फौजेचा मोड केला. इंग्रजांनीं राज्य परत दिलें.

पण १८८६ सालीं ट्रान्सवालांत विट्वाटर्सरांडच्या माळावर सोनें निघालें. जोहान्सबर्ग शहर माळावर उगवलें. देशोदेशींचे गोरे तेथें धांवले. बोअर त्यांस परके म्हणत. अध्यक्ष पॉल क्रूगर यानें असा कायदा केला कीं, परक्यानें चौदा वर्षें राहिल्याशिवाय त्यास अध्यक्षाच्या निवडणुकींत मत नाहीं. खाणवाल्यांस कर नको होते, दारूगोळ्याची मक्तेदारी नको होती, आणि मजूर स्वस्त पाहिजे होता. १८९५ च्या अखेरीस केपचा मुख्य प्रधान आणि खाणींचा मालक सिसिल ऱ्होड्स याच्या कारस्थानानें जेमसन नांवाचा गृहस्थ पांचसहाशें स्वार घेऊन ट्रान्सवालांत घुसला. तो चार दिवसांत पकडला गेला. लबाडी उघडी पडली, पण लोभ कमी झाला नाहीं.

मग इंग्रज मुत्सद्दी न्यायाची भाषा बोलूं लागले. गोऱ्या परदेशी माणसांस मत नाहीं, हा केवढा अन्याय! हिंदी लोकांस ट्रान्सवालांत वाईट वागवितात, हाही केवढा अन्याय! बंधूंनो, हे शब्द लक्षांत ठेवा. ही लढाई मताच्या हक्कासाठीं आहे, असें सांगून सुरू झाली. तिचा शेवट मताच्या हक्काचें काय करून झाला, तें पुढें पाहूं.

लढाई

११ ऑक्टोबर १८९९ रोजीं युद्ध सुरू झालें. बोअर हा घोड्यावर बसणारा आणि नेम न चुकणारा शेतकरी. त्यानें लेडीस्मिथ, किंबर्ले आणि मॅफेकिंग या गांवांस वेढे घातले. डिसेंबरच्या एकाच आठवड्यांत इंग्रजांचा तीन ठिकाणीं पराभव झाला. नंतर लॉर्ड रॉबर्ट्सच्या हाताखालीं प्रचंड फौज आली. २७ फेब्रुवारी १९०० रोजीं, माजुबाच्याच तिथीस, बोअर सेनापति क्रोन्ये सुमारें चार हजार माणसांसह शरण आला. जूनमध्यें प्रिटोरिया पडलें. साऱ्या युद्धांत मिळून इंग्रजांनीं साडेचार लाखांच्या आसपास माणूस उभा केला. बोअर एकूण लाखाच्या आंतच होते. इंग्रजांचा खर्च वीस कोटि पौंडांवर गेला.

या युद्धांत आपली माणसेंही होतीं. १८६० पासून नाताळांत उंसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारानें नेले जात. मोहनदास गांधी तेव्हां नाताळांत वकिली करीत होते. मन बोअरांकडे ओढत होतें, पण आपण इंग्रज राज्याची प्रजा म्हणवितों तर कर्तव्य केलें पाहिजे, असें मानून त्यांनीं सुमारें अकराशें हिंदी लोकांचें जखमी वाहणारें पथक उभें केलें. त्यांत तीनशें मोकळे आणि बाकीचे करारी मजूर होते. लेडीस्मिथच्या वेढ्यांत परभूसिंग नांवाचा एक करारी मजूर झाडावर बसे. समोरच्या डोंगरावरील बोअरांची तोफ उडाली कीं घंटा वाजवी, म्हणजे गांव सावध होई. तोफेसमोर सर्वांत उघडा तोच. त्याचें कौतुक झालें, परंतु त्याच्या भाईबंदांचे हक्क वाढले नाहींत. युद्धानंतर तेच ट्रान्सवाल इंग्रजांच्या हातीं आलें, आणि हिंदी लोकांविरुद्धचे जे कायदे बोअर ढिलाईनें चालवीत, ते इंग्रजांनीं काटेकोर चालविले. १९०६ सालीं तर हिंदी माणसानें बोटांचे ठसे देऊन परवाना बाळगावा, असा फर्मानवजा कायदा निघाला.

घरें जाळलीं, लेंकरें गेलीं

राजधान्या पडल्या तरी बोअर हटले नाहींत. बोथा, डि वेट, डि ला रे, स्मट्स हे सरदार लहान टोळ्या करून छापे घालूं लागले. ही गनिमी काव्याची रीत आपणांस निराळी सांगावयास नको. शेतावरच्या घरांतून त्यांस भाकर आणि बातमी मिळे. तेव्हां इंग्रज सेनापति किचनेर यानें, हाच पुढें हिंदुस्थानचा सरसेनापति झाला, घरांचाच नायनाट मोठ्या प्रमाणावर चालविला. सुमारें तीस हजार शेतघरें जाळलीं गेलीं. उभीं पिकें जाळलीं, मेंढरांचे कळपच्या कळप कापले. मुलूखभर तारांचीं कुंपणें आणि सुमारें आठ हजार गढ्या बांधल्या. बायका-मुलांस गाड्यांतून नेऊन तंबूंच्या छावण्यांत कोंडलें.

छावण्यांत पाणी घाण, शिधा अपुरा, साबणसुद्धां नाहीं. आरंभीं तर ज्या बाईचा नवरा अजून लढत आहे, तिला शिधा आणखी कमी. गोवर आणि विषमज्वर शिरला आणि लेंकरें पटापट गेलीं. एमिली हॉबहाऊस नांवाची एक इंग्रज बाई १९०१ च्या आरंभीं तेथें गेली, तंबूंतंबूंत बसली, आणि परत येऊन आपल्याच सरकारची लाज तिनें जगापुढें मांडली. स्वदेशांत तिला शिव्या मिळाल्या, पण ती हटली नाहीं. या छावण्यांत सुमारें २८,००० बोअर माणसें मेलीं. त्यांतलीं २२,००० सोळा वर्षांखालचीं मुलें होतीं. लढाईंत पडलेल्या बोअर शिपायांपेक्षां कितीतरी अधिक. आयाबायांनो, हा आंकडा ऐकून आपल्या काळजांत चर्र झालें असेल. तसें झालेंच पाहिजे. तीं लेंकरें निरपराध होतीं.

पण येथें गोष्ट संपत नाहीं. बोअरांच्या शेतांवर राबणारीं काळीं कुटुंबेंही घरांबरोबर उठविलीं होतीं. त्यांच्यासाठीं निराळ्या छावण्या होत्या. तेथें लाखाहून अधिक माणूस होता. पुरुषांस फौजेच्या कामावर जुंपलें, आणि बायका-मुलांनीं रेल्वेच्या कडेला रान करून आपलें अन्न आपण पिकवावें, असा नियम केला. सरकारी दप्तरांत नोंदलेले मृत्यु १४,००० च्या वर आहेत. शोध करणारे आज सांगतात कीं, खरा आंकडा निदान २०,००० असावा. त्यांतही बहुतेक मुलेंच. त्यांच्या छावण्या पाहण्यास बाईसाहेबांसही जमलें नाहीं. त्यांचीं थडगीं कित्येक ठिकाणीं नुकतीं नुकतीं सांपडूं लागलीं आहेत.

दोन्ही बाजू म्हणत होत्या कीं, हें गोऱ्यांचें युद्ध आहे. तरी इंग्रजांकडे लाखभर काळा माणूस गाडी हांकणें, खंदक खणणें, बातमी आणणें या कामांवर होता, आणि हजारोंच्या हातीं बंदुकाही होत्या. बोअरांच्या मागेंही त्यांचे काळे नोकर होते. मॅफेकिंगच्या वेढ्यांत बारोलोंग लोकांनीं गांव राखण्यास जिवाची बाजी लावली. त्यांस मिळाला गोऱ्यांपेक्षां फार कमी शिधा आणि घोड्याच्या मांसाचें कढण, तेंही पैसा असेल त्यास विकत. त्या वेढ्यांत कचेरींत दुभाष्याचें काम करणारा सोल प्लाटजे नांवाचा एक बारोलोंग तरुण रोज डायरी लिहीत होता. मिशनच्या शाळेंत शिकलेला, तेविशींतला. हें नांव ध्यानांत ठेवा.

तह कोणाच्या जिवावर झाला?

३१ मे १९०२ रोजीं व्हेरीनिगिंगचा तह झाला. बोअरांचीं राज्यें गेलीं, पण त्यांच्या जमिनी राहिल्या. घरें बांधण्यास तीस लक्ष पौंड मिळाले, कर्जें मिळालीं, पुढें स्वराज्य देण्याचें वचन मिळालें. आणि आठवें कलम काय? तें असें कीं, काळ्या लोकांस मत द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न स्वराज्य दिल्यानंतर ठरवावा. म्हणजे ज्यांस तें द्यावयाचें नाहीं, त्यांच्याच हातीं किल्ली देऊन मग कुलूप उघडण्याविषयीं विचार करावा! काळ्यांस पूर्वीच्याच स्थितींत टाकून लाजिरवाणा तह आम्ही विकत घेणार नाहीं, अशा अर्थाचें वसाहतमंत्री चेंबरलेन यानें १९०१ सालीं लिहिलें होतें. पुढच्याच सालीं तोच सौदा पुरा झाला.

युद्धांत मालक पळाले तेव्हां कित्येक ठिकाणीं काळ्या कुळांनीं तें रान आपल्या बापजाद्यांचें म्हणून पेरलें होतें. तह होतांच इंग्रजांनीं त्यांचीं हत्यारें काढून घेतलीं आणि बोअर मालकांस शेतांवर नेऊन बसविलें. काल एकमेकांचीं डोकीं फोडणारे आज एका पंक्तीस बसले.

१९१० सालीं चारी वसाहतींचें एक राज्य झालें आणि सेनापति बोथा त्याचा मुख्य प्रधान झाला. १९१३ च्या जूनमध्यें जमिनीचा कायदा आला. राखून ठेवलेल्या भागाबाहेर काळ्या माणसानें गोऱ्याकडून जमीन घेऊं नये, खंडानें करूं नये. राखीव भाग किती? साऱ्या देशाच्या सुमारें सात टक्के. आणि काळी प्रजा देशाच्या निम्म्याहून कितीतरी अधिक. बंधूंनो, तेथें आपल्यासारखीच अर्धेलीची चाल होती. स्वतःचे बैल, स्वतःचा नांगर, जमीन गोऱ्याची, पीक निम्में निम्में. फ्री स्टेटांत ती चाल मोडली. ज्याला अर्धेली करावयाची त्यानें आतां आपल्या बैलांसह धन्याचा गडी व्हावें, नाहींतर वाट धरावी. हजारों कुटुंबें गुरेंढोरें हांकीत हिंवाळ्याच्या थंडींत रस्त्यावर आलीं.

तेव्हां तो मॅफेकिंगचा दुभाषा प्लाटजे सायकलवर बसून गांवोगांव फिरला आणि जें पाहिलें तें त्यानें १९१६ सालीं पुस्तकरूपानें जगापुढें ठेविलें. त्यानें एका कुटुंबाची हकीकत सांगितली आहे. वाटेंत त्यांचें आजारी लेंकरूं मेलें. पुरावें कोठें? पायाखालची एक हात जमीन त्यांची नाहीं. अखेर रात्रीच्या अंधारांत, मालकास कळूं न देतां, चोरून खड्डा खणून त्यांनीं आपलें पोर पुरलें.

आतां दुसरें चित्र पाहा. त्याच १९१३ सालीं, १६ डिसेंबर रोजीं, ब्लूमफाँटेन येथें छावण्यांत मेलेल्या बोअर बायका-मुलांचें स्मारक उघडलें. हॉबहाऊसबाई आजारी म्हणून येऊं शकल्या नाहींत. त्यांचें भाषण वाचून दाखविण्यांत आलें. त्यांत त्यांनीं बोअरांस विनविलें होतें कीं, जें स्वातंत्र्य तुम्हांस प्यारें, तें दुसऱ्यांस नाकारूं नका. बोअर रडले, आणि त्या रडण्यांत खोटें कांहीं नव्हतें. पण सहाच महिन्यांपूर्वीं त्यांच्याच सरकारच्या कायद्यानें दुसऱ्याच्या लेंकरास थडग्यापुरतीही जागा ठेविली नव्हती, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.

पुढची गोष्ट थोडक्यांत. १९४८ सालीं वर्णभेदाचें राज्य पक्कें झालें. १९९४ च्या एप्रिलमध्यें तेथील सर्व माणसांनीं पहिल्यानें एकत्र मत दिलें. "स्वराज्यानंतर पाहूं" या एका वाक्याचा हिशेब फिटण्यास ब्याण्णव वर्षें लागलीं.

आपण काय घ्यावें?

आतां त्या शेतकरी बंधूच्या प्रश्नाकडे वळूं. आपण कोणाच्या बाजूचे? घर जळणाऱ्या बोअर बाईच्या बाजूचे आपण आहोंच. पण बोअरांच्या राज्याच्या बाजूचे नाहीं, आणि इंग्रजांच्या तर नाहींच नाहीं. ज्याची जमीन मुळांत होती आणि ज्याचें नांव तहावर नव्हतें, त्याच्या बाजूचे आपण. त्यास आम्ही व्याख्यानाच्या नांवांत तिसरा म्हटलें, पण खरें म्हणजे तो पहिला होता.

पहिली शिकवण ही कीं, वरचे दोघे भांडतात तेव्हां खालच्यास फार गोड बोलतात, आणि समेट करतात तेव्हां त्याचाच हक्क गहाण टाकतात. म्हणून हक्काचा करार आधीं झाला पाहिजे. "मागाहून पाहूं" म्हणणाऱ्याचा हात धरावा. १९०२ च्या मे महिन्यांत तिकडे तें आठवें कलम लिहिलें गेलें, आणि त्याच सालच्या २६ जुलैस इकडे करवीरच्या शाहू छत्रपतींनीं हुकूम काढला कीं, आपल्या राज्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांस द्याव्या. महाराज "मागाहून" म्हणाले नाहींत, म्हणून आपले बापआजे कचेरीची पायरी चढले.

दुसरी शिकवण जास्त कडू आहे. आपण सोसलें एवढ्यानें आपण न्यायी ठरत नाहीं. बोअरानें सोसलें, खरोखर सोसलें, आणि त्या दुःखाची ढाल करून त्यानें दुसऱ्याच्या छातीवर पाय दिला. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलाम मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें. ज्यांस कधीं पाहिलें नाहीं त्या काळ्या भावांच्या सुटकेंत त्यांनीं आपल्या सुटकेची वाट पाहिली. आपण त्यांचें नांव घेतों, तर आपल्या शिवारांत काय करतों?

येत्या ग्रामसभेंत गायरानाचा प्रश्न येणार आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्या गांवांतील दोन तट त्यावर वर्षभर भांडले. आतां समेटाची बोलणीं चालू आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण त्या गायरानाच्या कडेला कित्येक वर्षें बाजरी पेरून पोट भरणारीं आठ घरें या बोलण्यांत कोणीं बसविलीं आहेत काय? आम्ही चौकशी केली. नाहीं बसविलीं. बंधूंनो, तें आपलें आठवें कलम होऊं पाहत आहे. उद्यां बैठकीस त्या आठ घरांतील एक बाप्या आणि एक बाई यांस सतरंजीवर आपल्याबरोबर बसवा, त्यांचें म्हणणें आधीं ऐका, आणि मगच कागद लिहा.

एवढें झालें तर आमचें हें व्याख्यान कामीं आलें असें आम्ही समजूं. 

सत्यमेव जयते.